थाळी वाजली की पेटी बंद

सांगलीहून वाशीला निघताना मी घरी एक कारण सांगितलं होतं आणि ज्यांच्याकडे निघालो होतो त्यांना दुसरं. घरी म्हणालो, मुंबईच्या खाडीपलीकडे नवं शहर वसतंय ते एकदा बघून येतो. वाघमाऱ्यांना कळवलं, तुमच्या कार्यक्रमाबद्दल फार ऐकलं आहे, प्रत्यक्ष पाहावासा वाटतो. खरं कारण तिसरंच होतं. ते संपादकांना आणि मला माहीत होतं.

या साप्ताहिकात विज्ञानाचं पान मी बरीच वर्षं लिहितो आहे. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो आणि दर आठवड्याला जगात काय नवीन शोध लागले ते मराठीत देतो. पान छापून येतं, पण वाचकांचं पत्र क्वचितच येतं. येतं तेव्हा छपाईची चूक दाखवायला येतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला संपादकांनी मला पुण्याला बोलावून घेतलं आणि चहा संपल्यावर म्हणाले, "कुलकर्णी, वाशीला कुणी माणिक वाघमारे म्हणून आहेत. ते विज्ञानाच्या बातम्या गाऊन सांगतात. लोक म्हणे घरनं सतरंज्या घेऊन ऐकायला येतात. तुम्ही एकदा जाऊन बघा. बरं वाटलं तर पान त्यांना देऊ. पण तुम्हीच सांगा. तुमच्याइतका सरळ माणूस माझ्याकडे दुसरा नाही."

फाशीचा दोर कसा आहे ते बघून या, असंच जणू त्यांनी मला सांगितलं होतं, आणि वर सरळपणाचं प्रशस्तिपत्रही दिलं होतं. मी "हो" म्हणालो. बाहेर आल्यावर रस्त्यातच मनात आलं, कार्यक्रम भिकार असू दे. हाच विचार घेऊन मी एसटीत बसलो आणि खंडाळ्याचा घाट उतरेपर्यंत तो माझ्याबरोबर होता.

चुकीचं घर

पनवेल मागे पडलं की डोंगर दूर सरकतात आणि सगळं सपाट होतं. कळंबोलीला लोखंडाच्या बाजारासाठी मोठमोठ्या जागा आखल्या होत्या. ट्रकवाले उन्हात ट्रकांखाली चटया टाकून झोपले होते. तिथून पुढे एका बाजूला मिठागरांची चौकटी चौकटींची जमीन, दुसऱ्या बाजूला चिखल आणि त्यात वाढलेली तिवरांची झुडपं. मधेच चार मजली इमारतींचा एक पुंजका उगवतो, मग पुन्हा काही नाही. कुणीतरी शहर तुकड्यांत आणून टाकलंय आणि जोडायचं बाकी ठेवलंय, असं वाटत होतं.

वाशीला उतरल्यावर माझी फजिती झाली. आमच्या सांगलीत पत्ता म्हणजे मारुतीच्या देवळामागे, दातांच्या दवाखान्याशेजारी, पिंपळासमोर. इथे सेक्टर आणि आकडे. इमारती एकमेकींसारख्या, जिने सारखे, दारांचा रंगसुद्धा सारखाच. मी एक दार उघडं बघून "वाघमारे आहेत का?" असं विचारलं. आतल्या बाईंनी "या, बसा" म्हटलं, म्हणून बसलो. पाणी आलं, मग सरबत आलं. बराच वेळ आम्ही ऊन, डास आणि पाण्याचा दाब या विषयांवर बोललो. शेवटी मी विचारलं, "वाघमारे कधी येतील?"

"इथे कशाला येतील?" त्या म्हणाल्या. "ते पलीकडच्या बिल्डिंगीत."

"मग तुम्ही मला बसवलंत का?"

"तुम्हीच आत आलात की! मला वाटलं, उन्हातनं आलाय माणूस, टेकतोय जरा. इथे रोज कुणी ना कुणी चुकून घुसतं. परवा आमचे हेच खालच्यांच्या घरात जाऊन चपला काढून बसले होते." मग त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. "विज्ञानवाल्या वाघमाऱ्यांकडे आलात ना? आधी नाही का सांगायचं! आज रविवार, संध्याकाळी आहे त्यांचं. माझी भांडी आत्ताच घासून ठेवलीयेत."

भांड्यांचा काय संबंध ते मला कळलं नाही. दुसरी गोष्ट मात्र कळली. माझ्या गल्लीत इतकी वर्षं राहून शेजाऱ्यांना मी लिहितो हे ठाऊक नाही. आणि इथे चुकून शिरलेल्या घरातही त्या माणसाचं नाव घेतलं की सरबत मिळतं.

थाळ्या

वाघमारे माझ्याच वयाचे निघाले. मूळचे नांदेडकडचे, बी. एस्सी. झालेले, इथल्या एका सरकारी कचेरीत कारकून. तरुणपणी गावोगाव गायन पार्टीत गायलेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तेल लावून मागे वळवलेले केस, हातात दोन अंगठ्या. विनम्र वगैरे अजिबात नाहीत. दारातच म्हणाले, "आलात सर? बरं झालं. आजचा आयटम लई भारी बसलाय. तुम्ही बघाच." त्यांच्या पत्नी कमलताई आतून म्हणाल्या, "अहो, त्यांना आधी हातपाय तर धुऊ द्या. आल्या आल्या आपलीच आरती!"

संध्याकाळी इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत सतरंज्या पडल्या. एक पेटी, एक ढोलकी, विजेच्या खांबाखाली पाटावर वाघमारे आणि समोर कमलताई. आपल्याकडची व्याख्यानमाला आठवली. टेबल, त्यावर इस्त्रीचा टेबलक्लॉथ, पाण्याचा तांब्या, वक्त्याचा परिचय, मग तासभर बोलणं, शेवटी आभार. श्रोते माना डोलावतात. समजलं की नाही हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. माझी व्याख्यानं अशीच होतात आणि घरी येऊन मी बायकोला सांगतो, छान झालं.

इथे प्रत्येक जण आपली थाळी घेऊन आला होता. स्टीलच्या, पितळेच्या, एक-दोन जर्मनच्या. पांढरपेशी कुटुंबं होती, कचेऱ्यांतले लोक होते, कोकण-मराठवाड्यातले बिऱ्हाडकरू होते आणि पुढे, अगदी पुढे, जुन्या वाशी गावातल्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यातल्या हिरूबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या मांडीवर एक जड पितळी परात होती.

"कार्यक्रमानंतर जेवण असतं," शेजारच्या गृहस्थांनी सांगितलं. "सगळे काही ना काही करून आणतात. पण थाळीचं खरं काम आधी. ज्याला समजलं नाही त्यानं वाजवायची. थाळी वाजली की पेटी बंद. वाघमाऱ्यांनी परत सांगायचं, दुसऱ्या तऱ्हेनं."

त्या महिन्यात सगळीकडे एकच विषय होता. आपला माणूस नुकताच अवकाशात जाऊन आला होता. मीही त्यावर लिहिलं होतं, सलग दोन अंक. ढोलकीवर थाप पडली आणि कमलताईंनी कमरेवर हात ठेवून सवाल टाकला:

*वरती गेला माणूस म्हणता, जेवतो तरी का तिथं?*
*भाकर थापते कोण तयाची, चूल पेटते का तिथं?*

वाघमाऱ्यांनी पेटीवरनं बोटं फिरवली:

*नळीमधलं जेवण बाई, पिळून घ्यायचं तोंडी,*
*ताट वाढून बसशील तर तरंगत जाईल हंडी!*

हशा पिकला. कमलताई गद्यात म्हणाल्या, "बरंय. इथे दोन वर्षं गॅसचा नंबर लागत नाही, तिथं आमटी उडतेय." पुन्हा हशा. एक थाळी वाजली. पेटी बंद. "नळी म्हणजे कसली?" कुणीतरी विचारलं. "टूथपेस्ट असते ना," वाघमारे म्हणाले, "त्यात तुझी आमटी भरली असं समज." थाळी शांत.

मी बघत होतो आणि जळत होतो. हे सगळं मी लिहिलं होतं. "अर्धद्रव आहार नलिकांद्वारे" असं लिहिलं होतं. चूक काहीच नव्हती त्यात. आणि लहानमोठी माणसं हसत हसत तेच ऐकत होती. एक गोष्ट इथे लिहायची लाज वाटते. हे वाघमारे माझ्यासारख्याच आडनावाचे, माझ्यासारख्याच घरातले असते तर मी इतका जळलो असतो का, असं मी मनाला विचारलं. कमी जळलो असतो. हे उत्तर मला तिथे सतरंजीवर बसल्या बसल्या मिळालं आणि ते झटकता आलं नाही.

मग कमलताईंनी विचारलं, माणूस तिथे तरंगतो का? आणि वाघमारे म्हणाले, "सोपं आहे. वर पृथ्वीची ओढच संपली! खाली खेचणारं कुणी नाही. ना सासू, ना साहेब!"

लोक खूश. आणि मीही. कारण हे साफ चूक होतं. इतका वेळ मी ज्याची वाट बघत होतो ते मिळालं होतं. मी उभा राहिलो. मला थांबता आलं असतं. नंतर एकांतात सांगता आलं असतं.

"क्षमा करा," मी म्हणालो, "हे चूक आहे. त्या उंचीवर गुरुत्वाकर्षण इथल्यापेक्षा थोडंसंच कमी असतं."

ढोलकी थांबली. वाघमाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा पडला नाही, नुसता थबकला. "हे सांगलीचे कुलकर्णी सर," ते लोकांना म्हणाले. "कॉलेजात शिकवतात. सर, मग तरंगतो का तो?"

"कारण तो मुक्तपतनाच्या अवस्थेत असतो."

थाळ्या वाजल्या. एक नाही, दहाबारा.

"म्हणजे, तो सतत खाली पडत असतो."

आता सगळ्याच वाजल्या. हिरूबाईंनी परातीवर अशी थाप मारली की कावळे उडाले. "अरं दादा, पडतंय त खाली कवा पोचाचा?" त्यांनी विचारलं.

"त्याला आडवा वेग असतो, त्यामुळे त्याच्या मार्गाची वक्रता आणि पृथ्वीच्या पृष्ठभागाची..."

पुढचं मला स्वतःलाच ऐकू आलं नाही. आयुष्यभर माना डोलावणारे श्रोते बघितलेला मी तिथे घामाघूम होऊन उभा होतो आणि माझ्या प्रत्येक शब्दावर भांडी वाजत होती. मागून कुणीतरी ओरडलं, "सर, टेन्शन नका घेऊ, आमच्या वाघमारेदादांनापण सुरवातीला असंच व्हायचं!"

वाघमाऱ्यांनी हात वर केला. थाळ्या थांबल्या. ते मला हळूच म्हणाले, "सर, एक सांगा. तो पडतोय, आणि त्याचं यानपण त्याच्या सोबतच पडतंय? एकाच वेगानं?"

"हो."

"आणि तो एवढ्या जोरात पुढं चाललाय, की..." त्यांनी तळहात गोल फिरवला. "पृथ्वी गोल आहे. तो खाली येतो तेवढ्यात जमीनच वाकून खाली गेलेली असते?"

"हो. अगदी तसंच."

त्यांनी डोळे मिटले. इतकं बघून मला कळलं की हे त्यांना आधी खरंच माहीत नव्हतं. आत्ता, या क्षणी कळत होतं. मग त्यांनी डोळे उघडले. "हिरूआई, जत्रेतला मोठा पाळणा. वरनं खाली येतो तवा काय होतं?"

"पोटान गोला येतं!"

"का येतो? कारण पाळणा पडतोय आणि तूपण पडतीयेस. बूड फळीवर टेकल्यासारखं वाटत नाही. बरोबर? आता तो पाळणा खाली आलाच नाही, नुसता येतच राहिला, आठवडाभर, तर? तोच गोळा, आठवडाभर. तेच तरंगणं!" मग ते उभे राहिले. "खाली का येत नाही? एक दगड मारला, तिवरात पडला. जोरात मारला, खाडीपल्याड पडला. लईच जोरात मारला, तो पडतोय, पडतोय, पण जमीन त्याच्या खालनं वळून चाललीय. पडणारा पडतोच आहे, जमीनच हाताला लागत नाही."

कुणी थाळी वाजवली नाही. हिरूबाईंनी परात मांडीवर पालथी घातली आणि म्हणाल्या, "हां. आता समाजला."

"आणि ऐका," वाघमारे मोठ्यानं म्हणाले, "चूक माझी होती. पकडली कुलकर्णी सरांनी. वाजवा टाळ्या!"

टाळ्या पडल्या, चांगल्या जोरात पडल्या. मी नमस्कार केला. त्या टाळ्या माझ्यासाठी होत्या तरी मला त्या कुणीतरी हातावर ठेवल्यासारख्या वाटल्या. मी त्या माणसाला सर्वांसमोर पाडायला उठलो होतो. त्यानं माझं बरोबर उत्तर घेतलं आणि मला जन्मात सांगता आलं नसतं असं सांगितलं, तेही ते कळल्यानंतर लगेच.

जेवण

त्याच थाळ्यांत मग जेवण झालं. कमलताईंची येसराची, म्हणजे मसाल्याच्या भाजक्या पिठाची, आमटी आणि ज्वारीची भाकरी, कुणाचं कोकणातलं फणसाचं सांदण, गावातल्या बायकांच्या पातळ, पांढऱ्याशुभ्र तांदळाच्या भाकऱ्या आणि निवट्यांचा लालभडक रस्सा. निवटे हे खाडीच्या चिखलात सापडणारे छोटे मासे. रस्स्यातून वर डोळे करून बघतात.

"सर खात नाहीत," वाघमारे हिरूबाईंना म्हणाले.

"का नाय खात? इतका बोलला, भूक नाय लागली?"

आमच्या घरी अंडंसुद्धा येत नाही. पण त्या संध्याकाळी मला स्वतःला काहीतरी शिक्षा करायची होती, म्हणून मी दोन निवटे खाल्ले. शिक्षा म्हणून ते अपुरे पडले, फार चविष्ट होते. हे वाक्य सांगलीत कुणी वाचलं तर माझं काय व्हायचं ते होवो.

खाडीकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी वाघमारे मला खाडी दाखवायला घेऊन गेले. वाटेत दोघातिघांनी त्यांना "जय भीम, दादा" म्हणून हाक मारली, एकानं स्कूटर थांबवून "काल पाळण्याचं काय जमवलंत राव!" म्हटलं. ओहोटी होती. चिखलावर निवटे खरोखर चालत होते, पुढच्या परांवर अंग रेटत. पलीकडे पूल दिसत होता आणि त्याच्यामागे मुंबई धुरकट.

"सर, थाळीचं कसं सुरू झालं सांगितलं का मी?" वाघमाऱ्यांनी विचारलं.

"नाही."

"आम्ही आधी गात नव्हतो. रविवारी चारपाच जण बसायचो आणि तुमचं पान मोठ्यानं वाचायचो. तेवढंच मिळायचं मराठीत. एकदा हिरूआई मासळी देऊन परात घेऊन चालली होती, टेकली जरा. मी वाचतोय, वाचतोय. तिनं ठाण्णकन परात वाजवली. म्हणाली, 'क बोलतंस? मना नाय समाजला.' मी परत वाचलं. परत वाजवली. तिसऱ्यांदा मी पान बाजूला ठेवलं आणि तोंडानं सांगितलं." ते हसले. "पहिली थाळी तुमच्या पानाला वाजली, सर."

त्यांना हे कौतुक म्हणून सांगायचं होतं, यात शंका नाही. वाचकांचं पत्र येत नाही म्हणून मी इतकी वर्षं हळहळत होतो. उत्तर आलेलं होतं. फक्त ते परातीवर वाजवलेलं होतं आणि माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं.

"आणि एक," ते म्हणाले. आता हसत नव्हते. "तुम्ही कशाला आलात ते मला ठाऊक आहे. संपादकांनी मलापण विचारलं होतं."

"कधी?"

"तुमच्या आधी. मी म्हटलं, सरांना येऊ द्या, सर म्हणतील ते." त्यांनी एक दगड उचलला आणि पाण्याकडे भिरकावला. तो चिखलातच रुतला. "मला ते पान पाहिजे, सर. खोटं कशाला बोलू? लई पाहिजे. चुका होतील माझ्या, काल बघितलंतच. त्या तुम्ही पकडा."

म्हणजे काल मी चूक दाखवायला उठलो तेव्हा त्यांना माहीत होतं की मी त्यांचा परीक्षक आहे. तरी त्यांनी मला टाळ्या दिल्या. आणि आता त्यांनी जे हवं ते तोंडावर मागितलं. मी मात्र कालपासून त्यांची भाकरी खाऊन खोट्या कारणाचा पाहुणा म्हणून वावरत होतो. यावर मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "बघू."

परत

येताना पुण्यात उतरलो आणि संपादकांना भेटलो. सांगलीला आल्यावर हा वृत्तान्त लिहिला आणि छापायला देण्याआधी एक नवीन गोष्ट केली. बायकोला, सुमतीला, समोर बसवलं, हातात स्टीलची थाळी दिली आणि सांगितलं, समजलं नाही तिथे वाजव.

"मला कशाला? मला विज्ञानातलं काय कळतं?"

"म्हणूनच."

तिला सवय नसल्यानं सुरुवातीला ती हळूच वाजवत होती, पाहुण्यांसमोर वाजवावी तशी. मग तिचा हात बसला. वर तुम्ही जे वाचलंत ते थाळीनंतरचं आहे. आधी ते याहून वाईट होतं. शेवटी मी असं लिहिलं होतं: "संपादकांना मी आनंदानं सांगितलं की हे पान वाघमाऱ्यांनाच द्यावं."

थाळी वाजली.

"यात न समजण्यासारखं काय आहे?" मी विचारलं.

"आनंदानं, हे नाही समजलं," सुमती म्हणाली.

तेव्हा ते वाक्य खोडलं. घडलं ते असं. संपादकांच्या खोलीत बसून मी आधी वाघमाऱ्यांची चूक सांगितली. मग म्हणालो, विनोदाच्या भरात अचूकपणा राहत नाही. मग म्हणालो, भाषा जरा रांगडी आहे. संपादक म्हणाले, "मग नको म्हणून कळवू?" तेव्हा माझ्या पोटात मोठा गोळा आला. पायाखालची फळी गेल्यासारखा, एकदम हलका. आयुष्यात इतकं हलकं मला क्वचित वाटलं असेल. आणि त्या हलकेपणाचीच मला भीती वाटली.

"नाही," मी म्हणालो. "त्यांना द्या. चुका मी तपासून देत जाईन."

हे पान आता वाघमाऱ्यांचं आहे. ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितील आणि ते वाचून मी जळत राहीन. रविवारी वाशीला पेटी वाजत असेल आणि मी सांगलीत बसून त्यांच्या वाक्यांत चूक शोधत असेन, सापडली तर मला बरं वाटेल, आणि बरं वाटलं म्हणून वाईट वाटेल.

हे सुमतीला वाचून दाखवलं. थाळी तिच्या मांडीवर तशीच राहिली.